डावं पुढचं चाक

यात अमावस्या नाही. रात्रसुद्धा नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. वैशाखात, १९५५ साली, परभणी-जिंतूर रस्त्यावर, झरीच्या अलीकडे. एका पोलीस अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत.

त्या अधिकाऱ्याची सही असलेला कागद माझ्यापाशी आहे. त्यामुळे कुणी ही गोष्ट खोटी म्हटली तर मी वाद घालत नाही. कागद दाखवते.

कागदावर एवढंच होतं:

ब्रेक तपासणी
पुढचे उजवे चाक : ठीक
मागचे उजवे चाक : ठीक
मागचे डावे चाक : ठीक
पुढचे डावे चाक : धरते
खोटीचे कारण :

शेवटची ओळ कोरी.

सत्तर वर्षं कोरी.

*

ज्यांनी ती कोरी सोडली ते माझे वडील. वैजीनाथ मिस्त्री. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो.

परभणीत स्टेशनच्या मागे त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तेव्हा गावात ट्रक पाच-सहाच. बहुतेक सगळे दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेनं विकायला काढलेले. त्यांच्या तेलाच्या ब्रेकना हात घालणारा मिस्त्री गावात एकच होता. अप्पा.

त्यांतला एक ट्रक सुग्रीव मामा चालवायचे. माझ्या दैवशालाआत्याचे यजमान, म्हणजे अप्पांचे दाजी. जिंतूरहून ज्वारीची पोती भरून आणायची, परभणीच्या स्टेशनात उतरवायची. रोजचा रस्ता.

आणि त्या रस्त्यावर धुरपदाबाई.

झरीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मोठा लिंब होता. पाडव्यापासून मिरगापर्यंत त्या लिंबाखाली तिची पाणपोई असायची. वर तुराट्यांचं छप्पर, खाली दोन रांजण, एक पितळी तांब्या. साठीची बाई, एकटी.

तिची एक रीत होती. उन्हातून आलेल्या बैलांच्या पायांवर ती आधी पाणी घालायची, मग गाडीवानाला प्यायला द्यायची. रस्त्यावर ट्रक आले तेव्हा तिनं तीच रीत ट्रकला लावली. गाडी थांबली की पुढच्या डाव्या चाकावर तांब्याभर पाणी. डाव्याच, कारण परभणीकडे जाणाऱ्या गाडीचं ते चाक तिच्या बाजूला यायचं. ड्रायव्हरचं पाणी पिऊन झालं की रिकामा तांब्या चाकाच्या लोखंडावर दोनदा वाजवायची.

ठण. ठण.

म्हणजे, जा आता.

ते वाजल्याशिवाय एकही ड्रायव्हर गाडी हलवत नसे.

सुग्रीव मामा तिची थट्टा करायचे. "मावशी, मोटारीला पाय नसतेत. चाकं हायत."

"अन् तुला तरी कुटं हायत? जिंतूरपसून बसूनच तर यायलास."

अप्पा कधी त्या गाडीत असले तर कळवळून सांगायचे, "मावशी, तापल्या लोखंडावर गार पाणी नगा घालू. तडकतंय ते."

"मिस्त्री, तू तुजे पाने बघ. मी माजं पाणी बघते."

अप्पांनी हे मला सांगितलं तेव्हा ते हसले होते. त्या संपूर्ण गोष्टीत तेवढं एकदाच.

*

मंगळवार होता.

मामा भरल्या गाडीनं येत होते. बोरी मागे पडल्यापासून गाडी डावीकडे ओढत होती. थोडीच. स्टेअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवलं की सरळ चालायची. त्यांना वाटलं, परभणीला गेल्यावर मेव्हण्याला दाखवू.

लिंब दिसला. धुरपदाबाई तांब्या भरून रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती, रोजच्यासारखी.

मामांनी ब्रेकवर पाय ठेवला.

गाडी झटका खाऊन डावीकडे वळली. सरळ लिंबाखाली.

दोन्ही रांजण फुटले. पाणी रस्त्यापर्यंत आलं. बाई जागच्या जागी गेली.

तांब्या मात्र सापडला नाही. लोकांनी गाडीखाली पाहिलं, शेताच्या धुऱ्यापर्यंत पाहिलं, बाजूच्या विहिरीतसुद्धा गळ टाकून पाहिला.

नाही सापडला.

*

फौजदाराला लोक तेव्हा निजामाच्या काळासारखं अमीनसाहेबच म्हणायचे. अमीनसाहेबांनी मामांना परभणीला आणून बसवलं आणि एकच प्रश्न विचारला. ब्रेक दाबला होता का?

झरीचे लोक म्हणत होते, दाबलाच नाही. डुलकी लागली असंल. रस्त्यावर चाक घासल्याची खूण एकच आहे, चारी चाकांची नाही.

पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "दाबला. देवाशपथ दाबला."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दाबला असंल."

तिसऱ्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत.

त्या दिवशी दैवशालाआत्या शेडवर आली. दाराशीच उभी राहिली. "दादा, ते आता सवताच इसरायलेत. रात्रभर पाय हलवून बघतेत, दाबला का न्हाई, दाबला का न्हाई. तू गाडी बघ. गाडीत खोट आसंल तर तेवढं सांग. दुसरं काय न्हाई मागत मी."

ट्रक तोवर शेडमध्ये आणून लावला होता. दारात शिपाई. अमीनसाहेब येऊन छापील कागद देऊन गेले.

"मिस्त्री, दुसरा माणूस नाही म्हणून तुम्हाला देतो. दाजी आहे तुमचा, मला माहीत आहे. त्याला सोडवायला उगीच खोट पैदा करू नका. उद्या मी स्वतः गाडीत बसणार. त्या जागेपर्यंत जायचं, परत यायचं. मला दिसलं तरच मी मानणार."

अप्पा हो म्हणाले.

*

आता इथे थोडं गाडीचं सांगावं लागेल. सोपं आहे.

पाय काढल्यावरही ब्रेक चाकाला सोडत नसला की मिस्त्री म्हणतात, चाक धरतंय. ज्या बाजूचं चाक धरतं, गाडी त्या बाजूला ओढते. कोणतं धरतंय ते ओळखायचं कसं? ब्रेक न दाबता चार-पाच मैल गाडी चालवायची. उतरायचं. चारी चाकांच्या लोखंडी ड्रमना हात लावायचा. जो पोळतो, तो.

म्हणजे धरणारं चाक गरम असतं.

हे लक्षात ठेवा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शिपाई चहाला गेला. अप्पांनी डावं पुढचं चाक उचललं. ते फिरेना. ड्रम ठोकून काढला. आतल्या सिलेंडरमध्ये रबराचे दोन छोटे वॉशर असतात, वाटीसारखे. तेच ब्रेक पुढे ढकलतात आणि तेच मागे येतात.

ते मागे येत नव्हते. फुगले होते. भिजलेल्या हरभऱ्यासारखे.

अप्पा तिथेच खाली बसले.

कारण ते वॉशर पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच बसवले होते. नवे.

वॉशर बसवताना त्यांना एरंडेल लावायचं असतं. फक्त एरंडेल. इंजिनाचं तेल लागलं की रबर फुगतं. अप्पांना हे त्यांच्या उस्तादांनी कानशिलात मारून शिकवलं होतं. शेडमध्ये एरंडेलाची एक बाटली कायम कोनाड्यात असायची.

त्या दिवशी नव्हती.

बाटली घरी होती. घरात तीन महिन्यांचं मूल होतं. आईनं बाळाच्या टाळूवर घालायला ती मागवून घेतली होती. मामांना जिंतूरची फेरी गाठायची होती, ते दारात हॉर्न वाजवत होते. घर हाकेवर होतं. पण अप्पांच्या हाताशी इंजिनाच्या तेलाची झारी होती.

एवढा एक थेंब. काय होतंय.

ते बाळ म्हणजे मी.

*

त्या सकाळी मात्र अप्पा धावत घरी गेले.

आई म्हणाली, "सगळी बाटली नगा नेऊ. लेकीच्या टाळूपुरतं ठिवा."

त्यांनी सगळीच नेली. परत येऊन चाकात नवे वॉशर बसवले, एरंडेल लावून. जुने, फुगलेले, दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत टाकले. डबी सदऱ्याच्या खिशात. ड्रम लावला. चाक फिरवलं.

भिंगरीसारखं फिरलं.

शिपाई चहा पिऊन आला तेव्हा अप्पा हात पुसत होते.

मी त्यांना विचारलं होतं. का बदलले? तेच दाखवले असते तर मामा त्याच दुपारी घरी आले असते.

अप्पांनी तळहात पुसला. मग म्हणाले, "मला वाटलं, आधी नीट करावं. नीट करायची सवय हाय ना हाताला. मग सांगू, मनलं."

पुन्हा पुसला.

"न्हाई. खरं सांगतो. भ्यालो."

*

अकरा वाजता निघाले. अप्पा स्टेअरिंगवर, शेजारी अमीनसाहेब, मागे शिपाई. जाताना लिंब उजव्या हाताला आला. छप्पर मोडलेलं. खापऱ्या तशाच.



गाडी दोरीत चालली होती. अप्पांनी एकदा दोन्ही हात सोडून दाखवले.

अमीनसाहेब म्हणाले, "खोट दिसत नाही मिस्त्री."

"परत फिरल्यावर बघू साहेब."

अप्पांनी मनात ठरवलं होतं. झरीच्या पुढे गाडी वळवायची, थांबवायची, खिशातली डबी काढून अमीनसाहेबांच्या हातावर ठेवायची.

झरी गेली. गाडी वळवली. थांबवली.

अप्पांनी खिशावर हात ठेवला...

आणि पुन्हा गिअर टाकला.

लिंब आता डाव्या बाजूला होता. दोन फर्लांगांवर. ऊन असं की रस्ता हलताना दिसत होता. शेतं रिकामी. रानात माणूस नाही, जनावर नाही. इंजिनाचा आवाज तेवढा.

एक फर्लांग.

स्टेअरिंग अप्पांच्या हातात हळूच डावीकडे फिरलं.

त्यांनी ते उजवीकडे ओढलं. ते आलं नाही.

ब्रेकवर पाय नव्हता. अमीनसाहेबांनी वाकून पाहिलं होतं. पाय फळीवर होता.

तरी गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. डावीकडे होत होत, रस्ता सोडून, लिंबाच्या सावलीत आली...

आणि थांबली. जिथे रोज थांबायची तिथे.

इंजिन बंद पडलं.

त्यानंतर अप्पांच्या लक्षात आलं की लिंबावर एकही पाखरू नाही. वैशाखात दुपारी सगळ्या रानाची पाखरं तिथे असायची.

*

"उतरा," अमीनसाहेब म्हणाले. "हात लावून बघा."

पुढचं उजवं. कोमट.

मागचं उजवं. कोमट.

मागचं डावं. कोमट.

अप्पा पुढच्या डाव्या चाकाशी आले. पोळणार म्हणून त्यांनी बोटांची नखं आधी लावली, मिस्त्री लावतात तशी. मग पूर्ण तळहात ठेवला.

आणि तो तिथेच राहिला.

ड्रम गार होता.

अकरा मैल जाऊन परत आलेला, वैशाखातल्या साडेबाराच्या उन्हात उभा असलेला ड्रम... माठासारखा गार.

आणि ओला.

अप्पांनी खाली पाहिलं. फुफाटा कोरडा होता. एक थेंब नव्हता. पाणी ड्रमवरच होतं, वरून खाली ओघळत होतं आणि जमिनीपर्यंत पोचत नव्हतं.

"साहेब, हात लावा."

अमीनसाहेबांनी लावला. लगेच काढला. पँटला पुसला.

जॅक लावला. चाक जमिनीपासून चार बोटं उचललं. अप्पांनी दोन्ही हातांनी जोर केला. शिपायानं केला. दोघांनी मिळून केला. हललं नाही.

मग अप्पा जे येत होतं ते सगळं करू लागले. त्यांनी मला एकेक सांगितलं आहे, जसं कुणी नामस्मरण करतं तसं.

चाकामागचा नट सैल करून ब्रेकचं तेल सोडलं. तेल आलं. म्हणजे आता आत दाब नाही. चाक सुटायला हवं.

नाही सुटलं.

ड्रमला पाहायचं एक भोक असतं. त्यातून पातळ पत्र्याची पट्टी आत घातली, ब्रेक आणि ड्रम यांच्या मधून. अडकली तर ब्रेक चिकटलेला आहे.

पट्टी आरपार गेली. पुन्हा घातली. पुन्हा गेली.

ब्रेक चाकाला लागलेलासुद्धा नव्हता.

चाकाला कशानंही धरलेलं नव्हतं... आणि ते धरलेलं होतं.

अमीनसाहेब त्या पट्टीकडे पाहत होते. ते चांगलं मराठी बोलायचे, पण त्या क्षणी घरची बोली तोंडात आली.

"मिस्त्री... कोन पकड्या इसे?"

अप्पांना वास आला. नव्या रांजणात पहिल्यांदा पाणी भरल्यावर येतो तो.

*

अमीनसाहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला.

"लिहा. धरते म्हणून लिहा. मी स्वतः पाहिलं. सोडून देतो तुमच्या दाजीला. लिहा लवकर अन् चला इथून."

अप्पांनी लिहिलं. ठीक. ठीक. ठीक. धरते.

"कारण?"

डबी खिशात होती. अप्पा म्हणायचे, ती तेव्हा त्यांना सदऱ्यातून लागत होती. बर्फाच्या खड्यासारखी.

दाजी सुटले होते. आता बोललं तर फक्त स्वतःचंच जाणार होतं. घरी तीन महिन्यांची लेक होती. शेड होतं. आणि गावात मिस्त्री एकच.

"कारण काय लिहिता मिस्त्री?"

"समजत न्हाई साहेब," अप्पा म्हणाले.

अमीनसाहेबांनी कोऱ्या ओळीखाली सही केली.

पाण्याचा आवाज आला. उंचावरून तांब्या रिता करावा तसा, सलग. चाकाच्या बाजूनं. तिघांनीही ऐकला. तिघांनीही तिकडे पाहिलं नाही.

मग...

ठण.

आणि चार बोटं उचललेलं चाक आपोआप फिरू लागलं. सावकाश. शिपायानं दोन्ही हात जोडले.

अप्पा उभे राहिले. दुसऱ्या आवाजाची वाट बघत.

अमीनसाहेब ओरडत होते, चला म्हणून. शिपाई जॅक काढत होता. अप्पा उभेच.

ती नेहमी दोनदा वाजवायची.

दुसरा आवाज आला नाही.

*

गोष्ट इथे संपायला हवी होती.

मामा संध्याकाळी घरी आले. आत्यानं भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

पायांवर पाणी पडताच मामा किंचाळले म्हणतात.

ते पुन्हा कधी स्टेअरिंगवर बसले नाहीत. जिनिंगमध्ये हमाली केली. मला आठवतात ते असे: ओसरीवर बसलेले, आणि उजवा पाय हळूहळू जमिनीवर दाबतायत. सोडतायत. दाबतायत.

दर भाऊबीजेला अप्पा आत्याकडे ओवाळून घ्यायला जायचे. मी सोबत असायची. जेवण झालं की मामा विचारायचे. दरवर्षी. त्याच शब्दांत.

"मिस्त्री, खोट गाडीतच व्हती ना?"

"रिपोर्टात लिवलंय ना दाजी. धरते म्हणून."

"त्येच्यात कारण कुटं लिवलंय?"

आत्या चिडायची. "पुरे की आता. सुटून आलाव ना घरी? कागुद काय चाटायचाय?"

मामा हसल्यासारखं करायचे. मग म्हणायचे, "कारण न्हाई मनल्यावर... डुलकी लागली आसंल मला."

अप्पा तेव्हा उजवा तळहात धोतराला पुसायचे. माझ्या आठवणीत ते कायम हात पुसतायत. मला वाटायचं, तेलाचा हात आहे, सवय आहे.

तेवीस भाऊबीजा.

मामा गेले तेव्हा अप्पा खांदा द्यायला पुढच्या डाव्या बाजूला उभे राहिले. शेवटपर्यंत बदलू दिला नाही.

*

मला हे सगळं त्यांनी २००१ साली सांगितलं. दवाखान्यात. दुपारी. आत्यासुद्धा तोवर गेली होती. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं.

कागद दिला, त्यांच्याकडे राहिलेली सहीची प्रत. डबी दिली.

म्हणाले, "मावशीनं चाक धरून साक्ष दिली ना, ती माझ्यासाठी न्हाई. सुग्रीवसाठी. माझं मला बोलायला जागा ठिवली व्हती तिनं. कोरी." मग हात पुढे केला. "बघ."

मी त्यांचा तळहात हातात घेतला.

गार होता. ओला होता. तापानं अंग फणफणलेलं असताना.

डबी मी उघडली नाही. कपाटात ठेवली.

चोवीस वर्षं मीही कुणाला काही सांगितलं नाही. कुणाला सांगायचं? आणि खरं कारण तर याहून साधं आहे. बाटली माझ्यासाठी घरी आली होती.

*

यंदाच्या वैशाखात मुलाबरोबर जिंतूरहून परत येत होते. त्याची गाडी नवी आहे. रस्ता मोठा झालाय. लिंब केव्हाच तोडला, नेमकी जागा मला ओळखूसुद्धा आली नसती.

झरी मागे पडली.

"आई, गाडी डावीकडं ओढतीय," मुलगा म्हणाला.

मी त्याला यातलं काही कधीच सांगितलेलं नव्हतं.

त्यानं गाडी कडेला घेतली. किंवा तीच गेली. काचा बंद होत्या. साडेबारा वाजले होते, मी घड्याळ पाहिलं.

पाण्याचा आवाज आला. डाव्या पुढच्या चाकावर. माझ्या पायांपासून दोन हातांवर.

"रेडिएटर फुटला का काय," म्हणत मुलगा उतरला. समोरून फिरून माझ्या बाजूला आला. वाकला. मला काचेतून फक्त त्याची पाठ दिसत होती.

"पाणी कुठंच नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आई... हे चाक एवढं गार कसं?"

मी काच खाली केली नाही.

तो येऊन बसला. गाडी चालू केली. मी त्याचा हात धरला. थांब म्हणाले.

"कशासाठी?"

मी कान देऊन बसले होते. एक मिनिट. दोन मिनिटं. मागून ट्रक हॉर्न वाजवत गेला.

काहीच वाजलं नाही. एकदाही नाही.

आम्ही तसेच निघालो.

तेव्हापासून त्याची गाडी डावीकडे ओढते आहे. दोन ठिकाणी दाखवली. चाकं काढून पाहिली, मशीनवर लावली. खोट काहीच नाही म्हणतात. मुलगा रोज त्याच गाडीनं कामाला जातो. रस्त्याच्या डाव्या कडेला रोज माणसं उभी असतात. भाजीवाल्या, शाळेची पोरं, बसची वाट बघणारे.

म्हणून आज कागद बाहेर काढला. साडेबाराला.

माझ्या हातानं लिहिलं. पेन तीनदा बदलावं लागलं, त्या ओळीवर शाई धरत नव्हती. कागद तिथे दमट लागतो.

पुढचे डावे चाक : धरते
खोटीचे कारण : वॉशरला इंजिनाचे तेल लावले. लावणारा वैजीनाथ मिस्त्री. सुग्रीव यांनी ब्रेक दाबला होता.

खाली माझी सही केली. मुलगी म्हणून.

गाडी खाली अंगणात उभी आहे. सुट्टी आहे, मुलगा झोपलाय. खिडकीतून डावं पुढचं चाक दिसतं.

मघाशी पाण्याचा आवाज आला.

मग एकदा वाजलं. ठण. स्पष्ट.

त्याला आता पाऊण तास झाला. मी खिडकीपाशीच बसले आहे. दुसरं अजून...